मोठी मेलपेटी उतरवताना टाइमआउट: थंडरबर्ड, एमबीसिंक की आयमॅपसिंक?

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे किंवा जळगावच्या डाळमिलच्या ऑफिसात वर्षानुवर्षांच्या बिल्ट्या, बिलं आणि मालाचे फोटो एकाच मेल खात्यात साचलेले असतात. खातं भरत आलं की मेल कॉम्प्युटरवर उतरवायला घेतात आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ सुरू होतं, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत सर्व्हरचं उत्तर आलं नाही की प्रोग्राम काम सोडून देतो.

बहुतेक जण आधी टाइमआउटचे सेकंद वाढवतात. सर्व्हर लाखभर मेलच्या फोल्डरची यादी काढत बसला असेल, तर त्याने फरक पडतो. पण भरदुपारी लाइट गेली, राउटर बंद पडला किंवा मोबाइल नेटवर्कने शांत पडलेलं कनेक्शन तोडलं, तर सेकंद कितीही वाढवा, उपयोग नाही. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हा: तुटल्यावर काम कुठून सुरू होतं?

थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम सगळ्यात सोपा. त्याच्या सेटिंगमधल्या कॉन्फिग एडिटरमध्ये ‘मेलन्यूज.टीसीपीटाइमआउट’ मुळात १०० सेकंद असतो, तो ३०० करा. पाच-दहा जीबीपर्यंत मी हेच सुचवेन. त्यापुढे मात्र काय उतरलं आणि काय राहिलं, हे नीट कळत नाही.

मोठ्या पेटीचा बॅकअप घ्यायचा असेल, तर माझं मत ठामपणे एमबीसिंकला. हा कमांड देऊन चालवायचा, मेलपेटीची प्रत कॉम्प्युटरवर ठेवणारा प्रोग्राम. ते प्रत्येक फोल्डरची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतं. मध्येच बंद पडलं तरी पुन्हा तीच कमांड द्या, उतरलेले मेल सोडून ते पुढचे घेतं. त्याचा टाइमआउट मुळात फक्त २० सेकंद आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. सेटिंगच्या फाइलीत ‘टाइमआउट १२०’ लिहा. सर्व्हर कुरकुरत असेल तर ‘पाइपलाइनडेप्थ १’ही लिहा, म्हणजे एका वेळी एकच आज्ञा जाते. अडचण एवढीच की हे लिनक्सवर किंवा मॅकवर चालतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागतं आणि खिडकी-बटणं काही नाहीत. त्यासाठी जाणकार माणसाला एकदा बसवा.

आयमॅपसिंकचं काम वेगळं: एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेल हलवणं. त्याचा टाइमआउट मुळात १२० सेकंद. जुन्या सर्व्हरवरची मोठी यादी वाचली जात असताना नवा सर्व्हर रिकामा बसतो आणि कधी तोच कनेक्शन सोडतो. पुन्हा चालवलं की आधी गेलेले मेल ते वगळतं. ‘मॅक्सएज’ देऊन अलीकडचे मेल आधी हलवता येतात. सर्व्हर बदलत नसाल तर याची गरज नाही.

खातं जीमेलचं असेल तर आणखी एक अडसर आहे. आयमॅपवरून (हे प्रोग्राम सर्व्हरवरचे मेल ज्या पद्धतीने घेतात ती) दिवसाला २५०० एमबीच उतरतात, म्हणजे ४० जीबीला किमान १६ दिवस. तेवढी सवड नसेल तर गूगल टेकआउट या गूगलच्याच डेटा उतरवायच्या सोयीने एमबॉक्स फाइल, म्हणजे सगळे मेल एकत्र असलेली फाइल, मागवा. पण मग ती अवाढव्य फाइल उतरवायला पक्की फायबर लाइन हवी.

काहीही निवडलंत तरी आधी सर्व्हरवरच वर्षवार फोल्डर करा. फोल्डर लहान झाले की यादी लवकर येते आणि टाइमआउट तिथेच कमी होतात. जुने मेल पुसण्याआधी दोन्हीकडचे आकडे फोल्डरनिहाय जुळवून बघा. जीएसटीची बिलं त्यातच असतात.