एसटीएक्सबीपी१ विकार आणि लॅम्बर्ट-ईटन: बिघाड नेमका कुठे?

एसटीएक्सबीपी१ हा जनुकातल्या बिघाडाचा विकार, तर लॅम्बर्ट-ईटन हा स्नायू दुबळे करणारा आजार. दोन्हींत चेतापेशीतल्या रसायनाने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) वेळेवर रिकाम्या होत नाहीत. एसटीएक्सबीपी१ विकारात पुटिका पेशीपटलाशी जोडायला लागणारं प्रथिनच अपुरं पडतं. जनुकाची एक प्रत बिघडलेली असते; हा बिघाड बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो. बाळाला झटके येतात. ओहताहारा सिंड्रोमशी (तान्ह्या बाळांतल्या तीव्र अपस्माराशी) हा धागा २००८ मध्ये जुळला. झटके आटोक्यात आले तरी विकास मागेच राहतो, हे जास्त अवघड.

लॅम्बर्ट-ईटनमध्ये जोडणी शाबूत असते, पण शरीराचीच प्रतिपिंडं पुटिकांना रिकामं व्हायचा इशारा देणाऱ्या कॅल्शियमचे मार्ग निकामी करतात. मांड्यांतलं बळ जातं, तोंड कोरडं पडतं. गंमत म्हणजे काही सेकंद जोर लावला की ताकद थोडी परतते, कारण चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियम साठतं. सुमारे निम्म्या रुग्णांत मुळाशी फुप्फुसाचा कर्करोग सापडतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन टाळू नये. शिवाय इथे अ‍ॅमिफॅम्प्रिडीन हे औषध उपयोगी पडतं.