तांबट आळीत उजळलेला बिअर टॉवर

भंगारात मिळालेला तांब्याचा जुना बिअर टॉवर (ज्याच्या आतल्या नळीतून बिअर वर येऊन तोटीतून ग्लासात पडते तो खांब) घरी वापरता यावा म्हणून मी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत एका कारागिराकडे दुरुस्तीला दिला. त्यांनी चिंच-मीठ चोळून हिरवा थर काढला, आत लोखंडी दांडा घालून पोचे उठवले आणि वरून हातोडीने ठोकून इतके सुबक मठारकाम केले की प्रत्येक ठोक्याचा गोल ठसा उजेडात वेगळा चमकतो. मात्र बजावूनही आतली पितळी नळी त्यांनी तशीच ठेवली, हे मला खटकले. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तशीच साधारण ४ पीएचची आम्लधर्मी बिअरही धातू विरघळवते. त्यामुळे नळी आणि तोटी मी दुसरीकडून स्टेनलेस स्टीलच्या बसवून घेतल्या. तांब्याच्या कामासाठी मी पुन्हा याच कारागिराकडे जाईन.