पद्मिनीत मायक्रोस्क्वर्ट: कार्बोरेटर काढण्याआधी वाचा

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन कार्बोरेटरवर सुमारे ४० हॉर्सपॉवर देतं. इंजेक्शन बसवल्यावरही जवळपास तेवढीच देतं. पिकअपच्या आशेने कुणी मायक्रोस्क्वर्ट, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, मागवत असेल तर त्याने पैसे वाचवावेत. मुंबईत हा खटाटोप करण्याजोगी कारणं तीनच आहेत: व्हेपर लॉक (वाफेमुळे पेट्रोल अडणं), सिग्नलवरचं आयडलिंग आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

मे महिन्यात सायनला रस्त्याकडेला उघडं बॉनेट आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं, हे दृश्य काळ्या-पिवळ्या फियाटमध्ये बसलेल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मेकॅनिकल पंप इंजिनालाच जोडलेला. इंजिन तापलं की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफच ढकलत बसतो. इंजेक्शनमध्ये इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ असतो, लाइनमध्ये ३ बारचा दाब राहतो आणि उरलेलं पेट्रोल सतत फिरून टाकीत जातं. वाफ धरायला जागाच उरत नाही. या एका फायद्यासाठीसुद्धा हे काम पटतं.

ई२० चा मुद्दा हिशोबाचा आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला हवा-इंधनाचं वजनी प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, ठरलेला, त्यामुळे मिश्रण ७-८ टक्के लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. गाडी थंड असताना अडखळते आणि चढावर तापते. जेट वाढवून काम भागतं हे खरं, पण इंजेक्शनमध्ये ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती चालत्या गाडीत करत राहतो.

आता खुद्द मायक्रोस्क्वर्ट. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्ट कुटुंबातला हा लहान, बंद डब्यातला ईसीयू (इंजिनाचा संगणक). ३५ पिनांचा कनेक्टर, इंजेक्टरचे दोन चॅनेल, स्पार्कचे दोन आउटपुट. चार सिलिंडरच्या जुन्या गाडीला एवढं पुरून उरतं. पण डब्यात काय नाही तेही बघा. इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. स्पार्कचे आउटपुट थेट कॉइल चालवत नाहीत, मध्ये इग्निशन मॉड्यूल लागतं. इंजेक्टर जास्त रेझिस्टन्सचेच, म्हणजे १२ ओहमच्या वरचे हवेत. डबा उघडून लगेच गाडीला लावू असं वाटत असेल तर निराशा होईल. हा किट नव्हे, किटचा मेंदू आहे.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे सोलेक्सच्या (पद्मिनीच्या मूळ कार्बोरेटरच्या) जागी लेथवर केलेली ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर लहान गाडीचा थ्रॉटल बॉडी आणि त्यात दोन इंजेक्टर. ते ३ बारला मिनिटाला १६० ते १८० सीसीचे असावेत. ४० हॉर्सपॉवरला तासाला सुमारे ९ किलो पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला २०० सीसीच्या आसपास. त्यात ई२० ची भर आणि इंजेक्टर जास्तीत जास्त ८० टक्के वेळच उघडा ठेवायचा नियम धरला की एकूण २७५ सीसी होतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्तात मिळाले म्हणून ३५० सीसीचे उचलू नका. १६०-१८० च्या इंजेक्टरवर, चार स्क्वर्ट अल्टरनेटिंग (एका चक्रात चार फवारे, इंजेक्टर आळीपाळीने) ठेवून, आयडलिंगला प्रत्येक पल्स दीड ते दोन मिलिसेकंदांचा येतो. ३५० वर तो एकाच्या खाली जातो. एवढ्या वेळात इंजेक्टर धड उघडतही नाही आणि आरपीएम वरखाली होत राहतो. मग लोक ईसीयूला शिव्या देतात.

खरी मेहनत पेट्रोलच्या लाइनमध्ये आहे. टाकीला रिटर्नचं तोंड लावावं लागतं. हे काम रिकाम्या दिसणाऱ्या टाकीवर रस्त्याकडेच्या वेल्डरकडून कधीही करून घेऊ नका, आतली वाफ पेट घेते. टाकी उतरवून, धुऊन, या कामाची सवय असलेल्या रेडिएटरवाल्याकडे द्या. इनलाइन पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा, म्हणून तो टाकीच्या तळाच्या खाली बसवा. त्याच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. जुन्या टाकीतला गंज पहिल्या महिन्यात फिल्टर तुंबवतोच, जादा फिल्टर घेऊनच ठेवा. टाकी पाव भरलेली असताना वळणावर गाडी मिसिंग मारत असेल तर पंप हवा ओढतोय. त्यावर उपाय एक-दीड लिटरचा सर्ज टँक, म्हणजे पंपासाठी कायम भरलेली छोटी जादा टाकी. रबरी होज इंजेक्शनच्या दाबाचाच हवा. कार्बोरेटरचा होज ३ बारला फुगतो, आणि सायलेन्सरजवळ फुटला तर आगच. धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विच टाळू नका.

दुसरी डोकेदुखी म्हणजे आरपीएमचा सिग्नल. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) पॉइंटवरून तो घेता येतो, पण पॉइंट उसळले की ईसीयूला खोटे ठोके जातात आणि आरपीएम मध्येच ६००० दाखवतो. क्रँक पुलीवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात नसलेलं) दातेरी चाक आणि पाऊण ते एक मिलिमीटर अंतरावर सेन्सर हा टिकाऊ मार्ग. सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तर टायमिंग भलतीकडे सरकतं किंवा वेग वाढताच सिंक (ईसीयूचा क्रँकशी मेळ) तुटतो. प्लगच्या तांब्याच्या जुन्या वायरी काढून रेझिस्टरवाल्या घाला, नाहीतर चालत्या गाडीत ईसीयू रिसेट होतो आणि दोष भलत्यालाच लागतो.

वीज मोजून घ्या. पंप ५-६ अँपिअर, दोन इंजेक्टर मिळून जास्तीत जास्त दोन, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा हीटर एक-दोन, शिवाय ईसीयू. एकूण दहाच्या आसपास. डायनॅमोवाल्या गाडीत पावसाळ्यातल्या संध्याकाळी हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून सिग्नलला उभे राहिलात की बॅटरी उतरू लागते. ३५ अँपिअरचा तरी अल्टरनेटर आधी बसवा. सगळ्या सेन्सरचं अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला आणि ईसीयूचं अर्थिंग इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टला. ईसीयू केबिनमध्ये, ग्लोव्ह बॉक्समागे उंचावर ठेवा. हिंदमातेला पाणी भरतं तेव्हा सीटखालचा डबा आधी बुडतो. वायरिंग कनेक्टरकडे वर चढत जावं, म्हणजे पाणी खालच्या वळणावरून टपकून जाईल. समुद्राच्या हवेत टर्मिनल हिरवे पडतात, तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

ट्यूनिंग लॅपटॉपवरच्या ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअरवर होतं आणि या बाबतीत मायक्रोस्क्वर्टला तोड नाही. १६×१६ चा व्हीई तक्ता (इंजिन किती हवा भरून घेतं त्याचा), लॉगिंग, भरपूर मदतपानं. मिश्रणाच्या लक्ष्याचा तक्ता लॅम्डात (पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाला १ धरून) भरा, म्हणजे पेट्रोलमधल्या इथेनॉलचं कोडं राहत नाही. क्रूझला १, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८. मुंबईच्या हवेत कोल्ड स्टार्टचा त्रास नावापुरताच. प्लग काळे पडत असतील तर व्हीई तक्त्याला हात लावण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट बघा. तिथून हवा शिरली की सेन्सर लीन सांगतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल ओततो.

कागदपत्रांचं एक. पीयूसीला भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला ३ टक्के सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चालतो. नीट ट्यून केलेली पद्मिनी त्याच्या बरीच खाली राहते. मात्र गाडी ५० वर्षांची झाली असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ची व्हिंटेज पाटी हवी असेल, तर इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. ती पाटी ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे काम हाती घेऊ नये. सोलेक्सचं ओव्हरहॉल आणि थोडा मोठा जेट हाच त्यांचा मार्ग. बाकीच्यांनी उतरवलेला सोलेक्स, मेकॅनिकल पंप आणि त्यांच्या गॅस्केटी तेल लावून डब्यात जपून ठेवाव्यात, भंगारवाल्याला देऊ नयेत.