सुटं डॉग फूड आणि वर कॅल्शियमची बाटली

“काका, माल तोच आसा, पिशवेचे पैशे कित्याक देतास?” लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरचं पिल्लू नुकतंच घरी आणलेल्या माणसाला सुटं डॉग फूड विकणाऱ्या दुकानदाराचं हे म्हणणं पटतं. दुकानातली 20 किलोची गोणी फोडलेली असते आणि दाणे पारदर्शक पिशव्यांत भरलेले असतात. वर स्टेपल मारून ‘लार्ज ब्रीड पपी’ असं छापलेला कलर झेरॉक्सचा कागद लावलेला. (स्टेपलची पिन कधीकधी खाण्यातच पडते, ती वेगळी कटकट.) दर किलोमागे तीस-चाळीस रुपये कमी. पिशवी घरच्या काट्यावर ठेवली की किलोची साडेनऊशे ग्रॅम भरते, तिथे बचतीतला बराचसा भाग गेला.

पिशवी उजेडात धरून बघा. गोल, चपटे, फिके, गडद असे दोन-तीन प्रकारचे दाणे एकत्र दिसले तर तळाचा उरलेला माल मिसळलाय. त्यात पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांचं किंवा भलत्याच कंपनीचं खाणंही असू शकतं. दाणा बोटांनी मोडून हुंगा. खवट तेलाचा वास आला तर त्यातली चरबी बिघडलेली आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघडी गोणी चटकन सादळते आणि बुरशी धरते. तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते थेट लिव्हरवर जातं आणि उन्हात वाळवून, धुऊन किंवा शिजवून निघत नाही. खाणं टाकलं, उलट्या झाल्या, हिरड्या पिवळट दिसल्या किंवा शी काळी झाली, तर ते खाणं तिथेच बंद करून लगेच डॉक्टर गाठा.

खरी लूट पुढे आहे. पिल्लाचे पुढचे पाय थोडे बाहेर वळलेले दिसले की तोच दुकानदार कॅल्शियमची बाटली पुढे करतो: “मोठी जात आहे, डबल द्या.” सहा महिन्यांखालच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, ते अंगात शिरतं आणि हाडं-सांध्यांची वाढ बिघडवतं. जास्त खायला घालून भराभर वजन वाढवलं तरी तेच होतं. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या खाण्यात दर 1000 कॅलरीला 3 ते 4.5 ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे कोरड्या वजनाच्या (ओलावा वगळून) साधारण 1.2 ते 1.8 टक्के. चांगल्या तयार खाण्यात ते असतंच, वर बाटली नको. नुसता भात आणि बिनहाडाचं चिकन चालू असेल तर मात्र कॅल्शियम खरंच कमी पडतं. तेव्हा मात्रा डॉक्टरांनी ठरवायची, दुकानदाराने नाही.

‘प्रोटीन’ म्हणून विकला जाणारा सुक्या मासळीचा चुराही बघून घ्या. खाऱ्या बांगड्याचा असेल तर मिठाने भरलेला असतो, वजनाला रेतीही असते.

घ्यायची तर सीलबंद पिशवी घ्या. शिवणीच्या दोऱ्याजवळ जुनी भोकं दिसली तर ती परत शिवलेली आहे. उत्पादकाचा पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, निव्वळ वजन, एमआरपी आणि बॅच नंबर मूळ छपाईतच हवेत, वरून चिकटवलेल्या कागदावर नकोत. पूर्ण वाढ झालेल्या 30 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 400 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, तेही दोन वेळांत विभागून. म्हणजे 15 किलोची गोणी पाच आठवडे जाते. पावसाळ्यात 3 किलोचीच आणा. खाणं मूळ पिशवीतच ठेवून ती झाकणाच्या डब्यात ठेवा. थेट डब्यात ओतलं तर कडेला चिकटलेलं जुनं तेल नव्या मालालाही खवट करतं.

फसलात तर पिशवी फेकू नका. उरलेलं खाणं, लेबलचा फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि पक्कं बिल हातात ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. वजन कमी भरलं असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) कार्यालयातही. सुटा माल विकणारा बिल द्यायला सहसा टाळाटाळ करतो, म्हणून पैसे यूपीआयने द्या, निदान तेवढी नोंद राहते.