स्वस्त ओबीडी स्कॅनर आणि रुसलेला क्रूझ कंट्रोल : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) गाडी दुरुस्त करत नाही, पण तो जवळ असला की एस्टिमेट हातात देणाऱ्याला चार प्रश्न नीट विचारता येतात. माझे पैसे तेवढ्यावरच वसूल झाले.

घेतला तो फक्त क्रूझ कंट्रोलसाठी, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरावीक वेगाने धावते त्या सोयीसाठी. सोलापूर रस्त्यावर माझं नेहमीचं जाणं-येणं आहे. यवत मागे पडलं की क्रूझ लावायचा आणि उजव्या पायाला आराम द्यायचा, ही सवय. तोच क्रूझ अधूनमधून आपोआप सुटायला लागला. पुलाच्या जोडावर गाडी जरा आदळली की गेला. मीटरवर चेक लाइट मात्र नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, स्टिअरिंगवरची बटणं आणि आतली क्लॉक स्प्रिंग दोन्ही बदला. एस्टिमेट पाच आकडी.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली चपटी केबल. चाक कितीही फिरवलं तरी बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांचा संपर्क तिच्यामुळे टिकतो. ती तुटली की बहुधा हॉर्न मुका होतो नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो. माझा हॉर्न पुण्याच्या ट्रॅफिकला साजेसा खणखणीत होता आणि एअरबॅगचा दिवाही शांत. मग क्लॉक स्प्रिंगवर इतक्या लवकर बोट कसं?

स्कॅनर लावायचा तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला. ॲपमध्ये ‘पेंडिंग’ (अजून पक्का न झालेला बिघाड) या सदरात पी०५०४ हा कोड सापडला. पेंडिंग कोड दिवा लावत नाही, म्हणून मीटर गप्प होतं. या कोडचा अर्थ ब्रेक स्विचच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही, एवढाच. पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो आणि त्यात दोन संपर्क. ब्रेक दाबला की एक जुळतो आणि मागचे दिवे लागतात. दुसरा त्याच वेळी तुटतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) धोका पत्करत नाही, क्रूझ सोडून देतो. हल्लीच्या गाड्यांत थ्रॉटलच (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असल्याने क्रूझसाठी वेगळी केबल किंवा व्हॅक्यूमचा डबा नसतोच. जो काही बिघाड असेल तो बहुतेक या सिग्नलांतच: ब्रेक स्विच, मॅन्युअल गाडीत क्लच स्विच, स्टिअरिंगची बटणं, चाकांचे स्पीड सेन्सर.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. नुसता कोड वाचून पार्ट बदलणारे गॅरेजवाले आणि आपण, दोघेही सारखेच फसतो. खरी कामाची गोष्ट लाइव्ह डेटा, म्हणजे स्विच आणि सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत ते. फुकटातल्या साध्या ॲपमध्ये ब्रेक स्विचची स्थिती दिसली नाही. कंपनीनिहाय प्रोफाइल असलेलं ॲप घ्यावं लागलं. त्यात सेट, रिझ्यूम, कॅन्सल ही बटणं एकेक करून दाबली. प्रत्येक दाब स्क्रीनवर उमटला, चाक पूर्ण फिरवूनही. म्हणजे क्लॉक स्प्रिंग निर्दोष. मग भाच्याला शेजारी बसवून डेटा रेकॉर्ड केला (गाडी चालवताना स्वतः मोबाइल बघू नका, प्लीज). पाय ब्रेकवर नसतानाही प्रत्येक दणक्याला एक संपर्क ‘ब्रेक दाबला’ म्हणत होता.

हीच खात्री स्कॅनरशिवायही थोडीफार करता येते. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा, पेडल हळूहळू सोडा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड पाहा. पेडल पूर्ण वर आल्यावरही तो लुकलुकला तर स्विचकडे वळा.

वारज्याच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने ते धड पाहिलंही नाही, टॉर्च घेऊन थेट पेडलखाली शिरला. “काका, हे बघा, टोपणाचा चुरा झालाय.” पेडल आणि स्विचची दांडी यांच्यामधला प्लॅस्टिकचा बारका स्टॉपर भुगा होऊन मॅटवर पडला होता. त्यामुळे दांडी अर्धवटच दाबली जायची. स्टॉपर नाना पेठेत चहा-क्रीमरोलच्या पैशात मिळाला. स्विचही नवा टाकायचा आग्रह त्याचाच: “जुना एकदा काढला की सेटिंग परत बसत नाही.” बऱ्याच गाड्यांतले स्विच बसवतानाच एकदा स्वतःला जुळवून घेतात, तेव्हा बोलणं पटलं. नंतर कोड पुसला आणि तो परत आलेला नाही. पुसण्याआधी कोडचा फोटो मात्र काढून ठेवा; पुसला की सोबतची नोंदही जाते.

आता तक्रारी. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो. स्कॅनर लावूनच ठेवला आणि गाडी पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली, तर बॅटरी उतरू शकते. मी प्रत्येक वेळी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. बाजारातले बहुतेक स्वस्त स्कॅनर ईएलएम३२७ चिपची नक्कल असतात, आणि माझाही तसाच. मधेच ब्लूटूथ सुटतं. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) किंवा वायफायवाला बघावा. एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट माझ्या स्कॅनरने वाचलंच नाही, म्हणजे चाकाचा सेन्सर गेला असता तर गॅरेजच्या मोठ्या मशीनशिवाय गत्यंतर नव्हतं.

एक गंमत: क्रूझ ९५ वर लावला की ॲपमधला वेग त्याहून थोडा कमी दिसतो. बिघाड नाही तो. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा दंडक असल्याने कंपन्या तो जरा चढाच ठेवतात.

रडारवाला, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर या खेळण्याच्या भरवशावर राहू नका. बंपर काढून परत बसवला असेल तर रडारचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) लागू शकतं आणि ते या स्कॅनरच्या आवाक्यातलं नाही. त्याआधी समोरची जाळी धुऊन बघा. चिखलाच्या थरानेही रडार आंधळं होतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो थर बसायला एक फेरी पुरते.