द्राक्षाचा वेल लावायचाय किंवा लावलेल्याला फळ येत नाहीये, तर आधी इथल्या नर्सरीवाल्या मामांशी बोला

रेटिंग पाच पैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली सांगते.

उरुळी कांचनला सोलापूर रोडला नर्सऱ्या ढिगाने आहेत, त्यातल्या या नर्सरीत मी पहिल्यांदा गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि द्राक्षाचं रोप घ्यायलाच गेले होते. आमच्याकडे हडपसरला रो-हाऊसच्या अंगणात २०२० ला दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेला वेल होता, "काळी सीडलेस, बारमाही" असं सांगून दिलेला. तीन वर्षांत तो गच्चीपर्यंत गेला, पानं एवढी की पार्किंगला सावली, पण द्राक्षाचा एक मणी नाही. सासूबाई म्हणायच्या काढून टाक आणि जाई लाव.

मी मामांना म्हटलं तो काढते, मला चांगलं रोप द्या. त्यांनी रोप दिलंच नाही. आधी विचारलं, "ताई, एप्रिलमध्ये कापला का? ऑक्टोबरमध्ये कापला का?" मी म्हटलं नाही हो, एवढा वाढलेला वेल कशाला कापू. तर म्हणाले मग द्राक्षं कुठून येणार, वेलाची काही चूक नाही, पैसे वाया घालवू नका, आधी हाच कापून बघा. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता.

मग त्यांनी उभ्या उभ्या जे समजावलं ते मला आधीच्या ठिकाणी कोणी सांगितलं असतं तर तीन वर्षं वाचली असती. थंड देशात हिवाळ्यात वेल पानं गाळतो आणि झोपतो, आपल्याकडे तेवढी थंडीच नाही त्यामुळे तो हिरवाच राहतो आणि नुसता पळत सुटतो, म्हणून आपण दोनदा कात्री लावायची. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या मागे एक-दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिथून फुटवा येतो) कापायच्या. त्यावर जी नवीन काडी येते तिच्या डोळ्यात उन्हाळ्याच्या कडक उन्हात पुढचा घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नाही. आणि ऑक्टोबरची गोड छाटणी, त्यात तीच पिकलेली काडी पुढे कापायची की डोळे फुटून घड बाहेर येतात. एप्रिलची चुकवली तर ऑक्टोबरला कितीही कापा, डोळ्यात घडच नसतो. मामांनी विकायला ठेवलेल्या एका वेलावर हे करून दाखवलं आणि कुठे कापायचं ते डोळे मोजून दाखवलं.

एप्रिलमध्ये कापताना खरंच हात थरथरत होते, वर फक्त खोड आणि दोन ओलांडे (खोडाच्या दोन्ही बाजूंच्या जाड फांद्या) उरले. पण मार्च २०२४ मध्ये घड आले!! बावीस घड. काळी, गोल, जाड सालीची, बी असलेली. मामांनी आधीच फोटोत पान उलटं बघून सांगितलं होतं की खालून पांढरट लव आहे, ही सीडलेस नाही, बंगलोर ब्ल्यू वाटतेय. तसंच निघालं. वास इतका छान की आम्ही सरबत केलं, सासूबाईंनी जाईचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच वर्षी मग यांच्याकडून शरद सीडलेसचं कलम घेतलं, डॉगरीज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या रोपावर) बांधलेलं, २५० रुपये. ही आपल्या सोलापूरच्या नान्नजची जात, नानासाहेब काळेंनी काढलेली. आमचं बोअरचं पाणी जड आहे, क्षार बसतात, अशा पाण्याला डॉगरीज टिकतो म्हणून नुसत्या काडीचं स्वस्त रोप घेऊ नका असं मामांनी सांगितलं. जोडाच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा हे पण बजावलं, नाहीतर जंगली खुंटच वर जातो. हा वेल छान चाललाय पण मणी बाजारच्यासारखे मोठे होत नाहीत, त्यासाठी बागायतदार घड जीएच्या (मणी फुगवणारं संजीवक) पाण्यात बुडवतात, मी करत नाही. छोटे आहेत पण अतिशय गोड.

औषधांच्या बाबतीतही प्रामाणिक माणूस. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत पेस्टिंगचं केमिकल लावतात ते मी मागितलं तर सरळ नाही म्हणाले, विषारी आहे, घरात लेकरं आहेत, डोळे मागेपुढे फुटले तरी चालेल. डाऊनीसाठी (वेलावरचा बुरशीचा रोग) फक्त बोर्डो मिश्रण शिकवलं, लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचं आणि विळा बुडवून बघायचा, विळ्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालायचा. पक्ष्यांसाठी जाळी विकायला होती तरी म्हणाले बुलबुल अडकून मरतात त्यात, घडाला पेपर गुंडाळा, नाशिककडे तसंच करतात.

बाकी झाडं - सरदार पेरू (एल ४९) अर्ध्या ड्रममध्ये आहे, दुसऱ्या वर्षीच फळं, बेस्ट. अंजीर ठीक, पावसाळ्यात तांबेरा येऊन पानं गळतात आणि परत फुटतात, फळ आहे पण खारी ठेवत नाहीत. लिंबाचं मात्र माझं नुकसान झालं, साई शरबती म्हणून दिलं पण ट्रॅक्टरवरून रोपं उतरवताना टॅग सगळे मिक्स झाले होते आणि मला काय मिळालं ते अजून कळलेलं नाही, काटे भरपूर आणि फळ शून्य. सांगितल्यावर बदलून देतो म्हणाले, पण जमिनीत लावलेलं झाड कोण उपटून नेणार. अर्धा स्टार इथे गेला. टेम्पोने घरपोच देतात तेव्हाही दोन पिशव्या फाटून मुळाची माती सुटलेली आली, शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा.

आणि हो, २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि आभाळ भरलेलंच राहिलं, नेमकं घड तयार व्हायच्या वेळी ऊन नाही. मामांनी जूनमध्येच सांगितलं होतं की पुढच्या सीझनला घड कमी येतील, मन खट्टू करू नका. सहाच आले. आधी माहीत होतं म्हणून मी खत वाढवून वेलाचं वाटोळं केलं नाही.

जायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये जाऊ नका, तेव्हा मामा बागायतदारांच्या गराड्यात असतात आणि फोनही उचलत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या वारी सकाळी जा. घरच्या वेलाचे फोटो घेऊन जा, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि खोड जमिनीतून निघतं तिथला एक.