जुन्या ४०७ च्या व्हॅक्यूमची गळती आणि हातपंप-गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी धाराशिवकडे पोहोचवून, तिकडचा माल भरून परतणारी आमची जुनी टाटा ४०७ गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल जड करू लागली. सकाळी गाडी थंड असताना पेडल नेहमीसारखे मऊ लागे. दुपारी मात्र दोन्ही पायांचा जोर लावावा अशी स्थिती होई. एका गॅरेजमध्ये बूस्टरचे, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याचे, किट बदलून घेतले, दुसरीकडे त्याला व्हॅक्यूम पुरवणारा अल्टरनेटरमागचा पंप दुरुस्त करून घेतला, तरी त्रास तसाच राहिला. त्यानंतर पुणे नाक्याजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून गेज बसवलेला, हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप घेतला. दीड हजार रुपयांच्या आतले हे साधन आठ महिने वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, आपोआप तयार होतो. म्हणून तिथे संशयित जागी स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का हे पाहण्याची रीत आहे. आमच्या डिझेल गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाकडून येत असल्यामुळे गळती असली तरी आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ चालणे) बिघडत नाही आणि स्प्रे मारून काहीही कळत नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारणे तर थेट आगीला आमंत्रण आहे. अशा गाडीत गळती सापडते ती पंपापासून बूस्टरपर्यंतच्या व्हॅक्यूमच्या मार्गाचा एकेक तुकडा वेगळा करून मोजल्यानेच, आणि त्यासाठी हे साधन फार उपयोगी पडले.

पाकिटात पंप, गेज, पारदर्शक नळीचे दोन तुकडे, टी-जोड, रबरी टोप्या आणि ब्रेक ऑइल काढण्याची छोटी बाटली मिळाली. पंपाची धातूची बॉडी मजबूत आहे. रबरी टोप्या मात्र निकृष्ट आहेत. पहिल्या दिवशी गेजचा काटा सारखा खाली येत होता, आणि बराच वेळ गेल्यावर लक्षात आले की हवा टोपीतूनच शिरत होती. त्यामुळे पंपाचे तोंड बोटाने बंद करून काटा स्थिर राहतो का, ही खात्री करूनच पुढचे मोजमाप घ्यावे. आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी ध्यानात ठेवावी. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच असल्याने समुद्रकाठच्या मानाने गेजवर साधारण दीड इंच (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) कमीच वाचन मिळते. तेवढ्यावरून गाडीच्या पंपाला दोष देऊ नये.

गाडीच्या पंपाच्या तोंडावर थेट गेज लावून इंजिन चालू केले, तेव्हा २५ इंच व्हॅक्यूम मिळाला, म्हणजे पंप निर्दोष होता. मग टी-जोड लावून बूस्टरपर्यंतचा मार्ग मोजला: थंड गाडीत २४ इंच, आणि इंजिन बंद केल्यावरही काटा जागचा हलला नाही. हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून उलट्या बाजूने हातपंपाने ओढून पाहिला, तोही ठीक होता. होज पाइप काढून टेबलावर तपासला. २० इंचांवर पाच मिनिटे काटा तसाच राहिला. इथवर सगळे पास आणि पेडल मात्र जड, हा पेच दोन दिवस सुटेना.

उलगडा झाला तो आमच्या मिस्त्रींच्या एका सूचनेने. घाटातून आलेली गाडी थंड होऊ न देता, होज आहे त्याच वळणात ठेवून गेज लावा, असे ते म्हणाले. तसे केल्याबरोबर काटा १७ च्या आसपास अडकला आणि इंजिन बंद करताच झपाट्याने उतरला. चासीवरच्या एका पट्टीला घासून होजच्या वळणाखाली बारीक चीर पडली होती. पाइप सरळ करून टेबलावर ठेवला की ती मिटे. गाडीत, वळलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत उघडे. बूस्टर आणि पंप या दोन्हींवर झालेला खर्च या हातभर पाइपाचे निदान न झाल्यामुळे होता, हे मनाला फार लागले.

नवा होज व्हॅक्यूमसाठी बनवलेला, आतून जाळीदार थर असलेलाच घेतला, कारण साधा पाण्याचा पाइप ओढीने चपटा होतो. पट्टीपाशी रबरी आवरणही चढवले.

साधनाची मर्यादा सांगायची तर बूस्टरसारखा मोठा डबा हाताने रिकामा करायला खूप वेळ लागतो. तिथे इंजिनानेच व्हॅक्यूम भरावा आणि हे गेज केवळ वाचनासाठी वापरावे. गेजवरच्या इंचांच्या खुणाही बारीक आहेत, त्यामुळे गाडीखाली बॅटरीचा उजेड लागतो. स्वतःची जुनी ४०७ किंवा तशीच व्हॅक्यूम ब्रेकची गाडी चालवणाऱ्याने हा पंप जरूर घ्यावा. टोप्यांऐवजी मात्र चांगल्या रबराचे दोन बूच त्याच दुकानातून वेगळे मागून घ्यावेत.